घरात फोन आला, आपल्या हातात कधी आला?



गेल्या महिन्यात आमच्या गटाची बैठक संपली, हिशेबाच्या वह्या मिटल्या, आणि चहा येईपर्यंत आमच्यातल्या एकीनं सहज विचारलं, "घरात मोबाइल कोणाकोणाच्या आहे गं?" सगळ्यांचे हात वर. मग तिनं विचारलं, "आणि स्वतःचा?" बरेच हात खाली आले. "स्वतःचा म्हणजे असा, ज्याचं कुलूप तुम्हीच उघडता आणि रिचार्ज कधी मारायचा ते तुम्हीच ठरवता." राहिलेल्यांतले आणखी काही खाली आले. एकीचा हात अर्ध्यावरच थांबला. ती म्हणाली, "माझा आहे, पण पोराजवळ असतो."

हसणं झालं, चहा झाला, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. शिकायचं असेल तर फोनवर सगळं आहे, असं आपल्याला येता-जाता सांगतात. शाळेतले गुरुजी सांगतात, बँकेतले साहेब सांगतात, जावईबापूही सांगतात. ते खरंही आहे. पण कोणता फोन, कोणाचा, आणि कोणत्या भाषेत बोलणारा? म्हणून आज आम्ही उपदेश करणार नाही. आपल्या खानदेशात ही वस्तू कशी आली आणि बाया तिच्यातून काय शिकल्या, कुठं अडल्या, त्याचा इतिहास सांगणार आहोत.

फोनापासून सुरुवात केली तर हा इतिहास अर्धाच सांगून होईल. आपलं शिकणं त्याच्या कितीतरी आधीपासून कानानं चालत आलंय. जळगावच्या अगदी जवळ असोदा गाव आहे. तिथं १८८० साली बहिणाबाई जन्मल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर, चुलीपुढं गाणं सुचायचं आणि तोंडातून निघायचं. त्यांचा मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ पितांबर यांनी ती गाणी ऐकून कागदावर उतरवली. १९५१ च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघालं. आज जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव आहे.

हे आपल्या लेकरांनासुद्धा पाठ आहे. आम्ही ते वेगळ्या कारणासाठी सांगतोय. बहिणाबाईंचा शब्द टिकला, कारण त्यांच्या घरात ऐकणारं आणि लिहून ठेवणारं माणूस होतं. त्याच काळात, त्याच गल्लीत, शेजारच्या जात्यावर आणखी किती बाया गात असतील! त्यांच्याजवळ कागद घेऊन कोणी बसलं नाही. पुढं पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सोबत्यांसह महाराष्ट्रातल्या गावागावांत जाऊन जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाच्या वर ओव्या जमल्या. काही लिहून घेतल्या, काही टेपवर घेतल्या. आता त्या 'पारी' नावाच्या संकेतस्थळावर आहेत आणि फोनवर ऐकता येतात. आमच्या गटात त्या लावल्या तेव्हा एक आजी गाणारीच्या पुढं जाऊन पुढची ओळ म्हणू लागल्या. ती ओवी त्यांच्या सासूची होती म्हणे.

कानाच्या शिकण्याला जोडून एक दुखणं होतं, ते म्हणजे दुसऱ्याकडून वाचून घेण्याचं. माहेरून कार्ड यायचं. ते पोस्टमन वाचून दाखवायचा, नाहीतर चौथीतलं पोरगं. तेही ओट्यावर उभं राहून, सासू-सासऱ्यांच्या पुढ्यात. त्यामुळे माहेरची आई लिहवून घेताना 'सर्व खुशाल' एवढंच लिहवून घ्यायची. खरं काय ते दिवाळीला भेटल्यावर, विहिरीवर, हळू आवाजात. हे पत्राचं दुखणं ध्यानात ठेवा, पुढं ते परत येणार आहे.

मग रेडिओ आला. १९५६ साली पुण्याच्या आकाशवाणीनं एक प्रयोग केला. युनेस्को या जागतिक संस्थेची त्याला मदत होती. नाशिकसह पाच जिल्ह्यांतल्या दीडशेच्या आसपास गावांत श्रोत्यांची मंडळं काढली. आठवड्यातून दोन वेळा मंडळातल्या लोकांनी एकत्र बसायचं, शेतीवरचा कार्यक्रम ऐकायचा, त्यावर बोलायचं आणि गावात काय करायचं ते ठरवायचं. टाटा समाजविज्ञान संस्थेनं त्याची पाहणी केली. नुसतं ऐकणाऱ्यांपेक्षा ऐकून बोलणाऱ्यांच्या जास्त लक्षात राहतं, असं दिसून आलं. आपल्या बचत गटाला हे सांगायला नको! जळगावला आकाशवाणीचं केंद्र झालं ते सत्तरच्या दशकात. सकाळी भाकरी थापताना बाजारभाव, संध्याकाळी शेतीच्या गोष्टी. रेडिओ मात्र खुंटीवर असायचा आणि त्याचं बटण पुरुषांच्या हातात असायचं. पण आवाजाला खुंटी नसते. तो चुलीपर्यंत यायचाच.

टेलिफोन म्हणजे आपल्यासाठी एसटीडीचा पिवळा फलक. तालुक्याच्या गावी स्टँडजवळ काचेची खोली, आत लाल आकडे पळत असलेलं यंत्र, आणि मागं रांग. आमच्यातल्या किती जणींनी माहेरच्या मरणाची बातमी त्या काचेच्या खोलीत उभं राहून ऐकली, आणि रडण्याआधी आकड्यांकडे पाहिलं.

मोबाइलवरचं देशातलं पहिलं बोलणं झालं ३१ जुलै १९९५ रोजी. पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकात्याहून दिल्लीतल्या दळणवळण मंत्र्यांशी, सुखराम यांच्याशी बोलले. तेव्हा एका मिनिटाला सोळा रुपयांवर खर्च यायचा, आणि समोरून आलेला फोन उचलला तरी पैसे पडायचे. आपल्याकडे तो आधी दिसला केळीच्या व्यापाऱ्याच्या आणि ठेकेदाराच्या खिशात. रावेर-यावलच्या मैत्रिणी सांगतात, बऱ्हाणपूरचा भाव आधी कळला तर घड कधी कापायचा ते ठरवता यायचं. म्हणजे घरात फोन आला तो भाव विचारायला आला. बाईशी त्याचा संबंध एवढाच, की चार्जिंगला लावून ठेव.

२००३ साली येणाऱ्या फोनचे पैसे बंद झाले. आम्हाला विचाराल तर बायांचा मोबाइल त्या वर्षी सुरू झाला. कारण मिस्ड कॉल! रिचार्ज नसला तरी रिंग देता येते. एक रिंग म्हणजे पोचले. दोन म्हणजे शेतात डबा पाठवा. तीन म्हणजे तू फोन कर, माझ्याकडे पैसे नाहीत. ही लिपी आम्हाला कोणी शिकवली नाही, आमची आम्हीच बसवली. आणि तिच्यामुळे एक मोठी गोष्ट झाली. आमच्यातल्या ज्या बायांना एक अक्षर येत नव्हतं, त्यांना आकडे यायला लागले. माहेरचा नंबर दहा आकड्यांचा. तो आधी तोंडपाठ झाला, मग बोटांना पाठ झाला, मग डोळ्यांना. साक्षरता मोहिमेच्या वर्गात नऊ आणि सहा यांचा गोंधळ करणारी बाई भावाचा नंबर न चुकता लावायची. तिला नऊ शिकायचा नव्हता, भावाशी बोलायचं होतं. शिकवणाऱ्यांनी ही गोष्ट मनावर घ्यायला हवी होती असं आम्हाला फार वाटतं.

अडलं ते अक्षरापाशी. त्या बटणांच्या फोनवर नावं इंग्रजीत साठवलेली असत. घरातलं पोरगंच ती साठवायचं. आम्ही नावाच्या आकारावरून माणूस ओळखायचो. लांबलचक आकार म्हणजे नणंद, आखूड म्हणजे भाऊ. आणि मेसेज आला की पुन्हा तेच, पोराला हाक मारा आणि वाचून घ्या. पोस्टमनच्या जागी पोरगा आला, एवढाच फरक. आईच्या नावानं आलेला दवाखान्याचा मेसेज आधी पोराला कळणार आणि मग तिला.

म्हणून आम्हाला वाटतं, या इतिहासातली खरी वळणं आवाजाची आहेत. २००४ साली केंद्र सरकारनं शेतकऱ्यांसाठी किसान कॉल सेंटर सुरू केलं. नंबर १८००-१८०-१५५१, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत चालतं. कपाशीवर काय पडलंय, केळीचं पान का पिवळं पडतंय, विचारा. आमच्यातल्या फार थोड्या बायांनी तो लावला, कारण आम्हीच घाबरायचो. आपल्याला शुद्ध बोलता येत नाही, तिकडचा माणूस हसला तर? घरात आपण अहिराणी बोलतो, जळगावच्या पूर्वेला तावडी, लेवा बोली, सातपुड्याच्या पायथ्याला पावरी आणि भिली. पुस्तकातली मराठी आपली दुसरी भाषाच म्हणा ना. आमच्यातल्या एकीनं शेवटी धीर करून फोन लावला आणि घाबरून अहिराणीतच बोलून गेली. पलीकडच्या माणसाला कळलं. ती फोन ठेवून म्हणाली, "माय व! समजनं की त्याले."

हीच आवाजाची वाट दुसरीकडे बायांनी फार पुढं नेली होती. २००८ साली तेलंगणातल्या माचनूर गावात दलित शेतकरी बायांनी स्वतःचं संगम रेडिओ केंद्र सुरू केलं. बी-बियाणं, दवाखाना, गाणी, सगळं आपल्या बोलीत, आणि यंत्रं चालवणाऱ्याही त्याच. त्याच सुमारास आपल्या साताऱ्यातल्या म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी सुरू झाली. २०१० साली छत्तीसगडमध्ये शुभ्रांशु चौधरी आणि त्यांच्या सोबत्यांनी सीजीनेट स्वर काढलं. त्याला रेडिओचं केंद्रही लागत नाही. साध्या बटणांच्या फोनवरून एका नंबरला फोन करायचा, आपल्या गावची गोष्ट आपल्या भाषेत सांगायची. ती तपासून झाली की दुसरे लोक फोन लावून ती ऐकतात. गावात हातपंप बंद आहे, रोजगार हमीची मजुरी मिळाली नाही, अशी गाऱ्हाणी गोंडीत सांगितली गेली. वाचता न येणाऱ्या माणसाला फोननं पहिल्यांदा बातमी देणारा केलं, असं आम्ही म्हणू.

मोठ्या पडद्याचा फोन आपल्याकडे आला तेव्हा घराघरातली वाटणी ठरूनच गेली होती. नवा फोन नवऱ्याला किंवा मोठ्या मुलाला, त्यांचा जुना फोन बाईला, तोही आवाज नीट येत नसला तर. २०१५ साली गूगल आणि टाटा ट्रस्टनं 'इंटरनेट साथी' नावाचं काम काढलं, कारण तेव्हा गावात इंटरनेट वापरणाऱ्या दहा जणांमध्ये बाई कशीबशी एक असायची. गावातल्याच एका बाईला फोन आणि टॅबलेट देऊन शिकवायचं आणि तिनं आसपासच्या गावांतल्या बायांना शिकवायचं. ही साथी पुढं महाराष्ट्रातही आली. त्यात आम्हाला एक गोष्ट फार शहाणपणाची वाटते. शिकवणारी बाई होती, ती दारात यायची, आणि तिच्या हातातला फोन कोणाच्या नवऱ्याचा नव्हता. सरकारचं डिजिटल साक्षरता अभियान २०१७ ला आलं, त्यात एका घरातून एकाच माणसानं शिकायचं होतं. एकच म्हटल्यावर आपल्या घरात कोणाचं नाव पुढं येतं ते आम्ही सांगायला नको.

मधल्या काळात २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, नेट स्वस्त झालं आणि बांध फुटावा तसं झालं. पाककृती, भरतकाम, ब्लाउजचे गळे, भजनं, आणि हो, अहिराणी गाणी आणि विनोदी नाटुकली. त्यांना नावं ठेवतात, पण पडद्यावर आपली बोली ऐकू आली की बाई फोनजवळ सरकते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. २०१७ च्या ऑगस्टमध्ये आणखी एक सोय झाली, तिची फार चर्चा झाली नाही. गूगलवर मराठीत बोललं तर फोन लिहून घेऊ लागला. पत्र वाचून घेण्याच्या त्या जुन्या दुखण्यावर इतक्या वर्षांनी औषध सापडलं. आता तो मेसेज वाचूनही दाखवतो. अहिराणी मात्र त्याला अजून नीट उमगत नाही. आपण एक बोलावं आणि त्यानं भलतंच लिहावं, मग सगळ्यांनी पोट धरून हसावं.

शाळांमध्येही याच दिवसांत मोठी हालचाल झाली, आणि तिच्यात आपलं धुळं पुढं होतं. मूळचे धुळ्याचे आणि न्यूयॉर्कमध्ये नोकरी करणारे हर्षल विभांडिक गावोगाव फिरले, पदरचे पैसे घातले आणि गावकऱ्यांनी वर्गणी काढली. २०१६-१७ च्या सुमारास धुळे जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या अकराशेवर शाळा डिजिटल झाल्या. मजुरी करणाऱ्या आयांनीही त्या वर्गणीत नोटा घातल्या. तिकडं सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकाच्या पानावर काळे-पांढरे चौकोन छापले. फोन त्याच्यासमोर धरला की धडा ऐकू येतो, चित्र हलतं. पुढं बालभारतीच्या पुस्तकांवर तसे चौकोन आले. डिसले गुरुजींना २०२० च्या डिसेंबरात शिक्षकांचं जागतिक पारितोषिक मिळालं आणि त्यांनी त्यातली निम्मी रक्कम बरोबरच्या शिक्षकांना वाटून टाकली. आता तुमच्या पोराचं पुस्तक उघडून पाहा, चौकोन सापडेल.

मग मार्च २०२० उजाडला आणि शाळांना कुलपं लागली. आपल्या वर्गणीचे पडदे त्या कुलपाच्या आत राहिले. शाळा फोनवर आली. अभ्यास व्हॉट्सॲपवर येऊ लागला, सरकारचं 'दीक्षा' ॲप होतं, आणि २० जुलैपासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' मालिका सुरू झाली. ती फार गोड होती. घरातल्या वस्तू घेऊन शिकवायची. पण घरी टीव्ही हवा, त्या वेळी वीज हवी.

त्या दिवसांचं सगळ्यांचं सारखंच चित्र आहे. घरात फोन एक आणि शिकणारी लेकरं तीन. तो एक फोन सकाळी बापाबरोबर शेतात किंवा कामावर जातो आणि अंधार पडल्यावर येतो. गुरुजींनी दहाला पाठवलेला अभ्यास रात्री नवाला उघडतो. मग आधी मुलगा, कारण त्याची दहावी आहे. मुलीचीही दहावीच असली तरी तिला भांडी असतात. शिरपूर, चोपडा, यावलच्या डोंगराकडच्या पाड्यांवर तर रेंज शोधायला टेकडी चढायची. 'असर' नावाची पाहणी दरवर्षी गावागावांत होते. त्या वर्षी ती फोनवरच झाली. देशाच्या ग्रामीण भागात शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी २०१८ साली ३६.५ टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन होता, २०२० ला ६१.८ टक्क्यांच्या घरी होता. दोन वर्षांत एवढी वाढ! ती कशातून झाली ते आम्हाला माहीत आहे. कोणी शेळी विकली, कोणी गटातून कर्ज काढलं. आमच्या गटाच्या वहीत 'मुलांच्या फोनसाठी' असं कारण त्या वर्षी पहिल्यांदा लिहिलं गेलं. आणि तरीही त्याच पाहणीत दिसलं, की विचारलेल्या आठवड्यात शाळेकडून काही अभ्यास पोचला होता तो तीनातल्या जेमतेम एका मुलाला. फोन घरात असणं आणि अभ्यास लेकरापर्यंत पोचणं, यांच्यात एवढं अंतर होतं.

कुठं कुठं लोकांनी उपाय काढले. पालघरच्या मोखाड्याकडे 'बोलकी शाळा' निघाली. पाड्यावर भोंगा लावायचा, त्यातून धडा ऐकवायचा आणि पोरांनी लांब लांब बसून ऐकायचं. म्हणजे १९५६ च्या रेडिओ मंडळाची नातच ती!

पण त्या वाईट दिवसांत एक चांगली गोष्टही घडली, ती कोणत्या अहवालात नसेल. अभ्यासाच्या निमित्तानं फोन दिवसाढवळ्या आईच्या हातात आला. पोराच्या वहीचा फोटो काढायचा, तो गुरुजींना पाठवायचा, त्यांनी काय बोलून पाठवलंय ते ऐकायचं. "काय पाहते गं एवढं फोनमध्ये?" असं विचारायची सोय कोणाला राहिली नाही, कारण ती लेकराचा अभ्यास पाहत होती. आमच्यातली चौथीत शाळा सुटलेली एक जण नातीबरोबर टिलीमिली पाहून परत वाचायला लागली. गावातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडले ते १ डिसेंबर २०२१ ला. त्या दिवशी नात शाळेत गेली आणि आजी म्हणाली, "आता माझी शाळा बुडाली."

त्याच २०२१ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रभरच्या अंगणवाडी सेविकांनी एक गोष्ट केली, ती आम्हाला या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी वाटते. सरकारनं कामासाठी दिलेले फोन त्यांनी सरकारलाच परत केले. ते फोन तापायचे, मध्येच अडकायचे, त्यांत जागा पुरायची नाही, दुरुस्तीचा खर्च अंगावर यायचा. आणि पोषणाची माहिती भरायचं जे नवं ॲप आलं ते इंग्रजीत. लेकराचं नाव इंग्रजीत, आईचं नाव इंग्रजीत. भरलं नाही तर मानधन अडण्याची धास्ती. वर्षानुवर्षं मराठी रजिस्टरं चोख लिहिणाऱ्या बाया एका रात्रीत अडाणी ठरल्या. तेव्हा काही लोक म्हणाले, बायांना शिकायचंच नाही. त्यांना आमचं सांगणं आहे, की वजनकाटा, लसीचं वेळापत्रक, वाढीचा तक्ता या बायाच शिकल्या ना? त्यांची मागणी साधी होती. चालेल असा फोन द्या आणि मराठीत बोलणारं ॲप द्या. हे गाऱ्हाणं मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०२३ च्या संपानंतर नवे फोन देण्याचं सरकारनं मान्य केलं. फोन हातात घेणं हे शिकणं आहेच, पण तो टेबलावर परत ठेवून 'असा नको, तसा द्या' म्हणायला जास्त शिकावं लागतं.

अलीकडचं तर तुम्हाला सगळं ठाऊक आहे. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजना आली, फॉर्म फोनवर भरायचा, आणि 'ओटीपी' हा शब्द ऐंशी वर्षांच्या आजीच्या तोंडी आला. त्याच वेळी ध्यानात आलं, की आपल्या आधारला जोडलेला नंबर आपला नाहीच. कोणाचा दिराचा, कोणाचा कधीच बंद पडलेला. आमच्यातल्या एकीचा नंबर सुरतला कामाला असलेल्या मुलाचा निघाला. म्हणजे ही बाई इथं सेतू केंद्राच्या रांगेत, आणि तिचा ओटीपी सुरतच्या कारखान्यात! मुलगा पाळी संपल्यावर फोन पाहणार, तोवर ओटीपी शिळा. तीन दिवस तिचं हेच चाललं. चौथ्या दिवशी ती तालुक्याला गेली, स्वतःच्या नावानं सिम घेतलं आणि आधारला जोडलं. दीड हजार रुपयांपेक्षा ते सिम मोठं, असं ती सांगते.

आता तरी हिशेब बरोबरीचा झाला का? देशभरच्या सरकारी आरोग्य पाहणीत बायांना नेमका आमच्या बैठकीतला प्रश्न विचारतात, की तुम्ही स्वतः वापरता असा मोबाइल तुमच्याकडे आहे का? २०१५-१६ मध्ये शंभरातल्या ४६ जणी 'हो' म्हणाल्या, २०१९-२१ मध्ये ५४. पोरींचं पाहायचं तर २०२३ च्या 'असर'मध्ये १४ ते १८ वर्षांच्या गावाकडच्या मुलामुलींना विचारलं. ज्यांना स्मार्टफोन चालवता येतो, त्यांतल्या मुलांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा होता, मुलींपैकी १९.८ टक्क्यांकडे. मुलीला फोन दिला तर ती बिघडेल, असं आपणही म्हणतो. आम्हीही म्हटलंय, खोटं कशाला बोला. फसवणूक होते, नको ते फोटो येतात, ही भीती खरीच आहे. पण मुलाच्या वेळी ती भीती कुठं जाते? पैशाची फसवणूक झाली तर १९३० हा नंबर आहे, लगेच लावायचा, घरात कोण रागावेल म्हणून दोन दिवस गप्प बसायचं नाही. हा नंबर फोनमध्ये ठेवून भागत नाही. तो माहेरच्या नंबरासारखा पाठ करा.

आमच्या गटात सध्या असं चाललंय. बैठकीच्या दिवशी एक तास एक फोन मधोमध ठेवतो. काय ऐकायचं ते आधी ठरवतो. कधी कपाशीवरची बोंडअळी, कधी उधारीचा कायदा, कधी पापड टिकवायची रीत. ऐकतो, थांबवतो, भांडतो. ज्यांना वाचता येत नाही त्या बोलून शोधतात. मार्च २०२४ मध्ये प्रौढांच्या साक्षरतेची परीक्षा झाली, तिला बसलेल्या दोघी आता मेसेज स्वतः वाचतात. तो वाचताना बोट धरतात, पण वाचून देणारं दुसरं कोणी लागत नाही.

गेल्या बैठकीला त्या ओवीवाल्या आजी पुन्हा आल्या. आम्ही त्यांच्यासमोर फोन धरला आणि म्हटलं, म्हणा. त्या आधी लाजल्या, मग सासूची ती ओवी म्हणाल्या, मग त्यांच्या आईची एक, मग स्वतःची. स्वतःची त्यांनी कधी कोणाला ऐकवली नव्हती. नंतर आम्ही ते सगळं परत लावलं. आजी कान फोनला टेकवून बराच वेळ ऐकत राहिल्या. मग विचारलं, "हाऊ मन्हा आवाज शे?"

आम्ही हो म्हटलं. तर म्हणाल्या, तिसऱ्या ओवीत एक शब्द चुकलाय, तो पुसा आणि परत घ्या.